आपण सगळ्यांनी प्रार्थना केली होती ना, मग?

या वेळचं पत्र भांडुपहून आलंय. लिहिणारा एकतीस वर्षांचा, मंडळीत संडे स्कूल घेतो. त्याच्या बहिणीचा मुलगा नऊ वर्षांचा होता, ब्लड कॅन्सर, पावणेदोन वर्षं केमो चालू होती, आणि जूनमध्ये शाळा उघडायच्या आठवड्यात गेला. दप्तर अजून खिळ्याला लटकलंय, बहीण कोणाला हात लावू देत नाही. आजारपणात एका सभेत बाहेरून आलेल्या प्रचारकाने पोराच्या डोक्यावर हात ठेवून माईकवर सांगितलं की झाला बरा, लोकांनी टाळ्या वाजवल्या. पोरगा गेल्यावर त्याच माणसाकडून निरोप आला की घरच्यांचा विश्वास कमी पडला. शेजारच्या काकू डबा घेऊन आल्या आणि म्हणाल्या मागच्या जन्माचं काहीतरी राहिलं असेल ग. आणि मग संडे स्कूलमध्ये सात वर्षांच्या एका मुलीने विचारलं, "सर, आपण सगळ्यांनी प्रार्थना केली होती ना, मग?" यावर हा घाईघाईत बोलून गेला की देवाला बागेतलं सगळ्यात सुंदर फूल हवं होतं. पुढच्या रविवारपासून ती मुलगी प्रार्थनेला डोळे मिटत नाही. तो विचारतोय, देव चांगला आहे आणि सगळं करू शकतो हे मी पोरांना कुठल्या तोंडाने शिकवू, की सोडूनच देऊ हे सगळं?

सलाम भाऊ. माझ्या मुलाच्या वयाचा आहेस म्हणून सरळ अरे-तुरे करते, राग मानू नकोस.

आधी ते फुलाचं घेते. ते परत कोणाला सांगू नकोस. मला कळतं तू घाबरून बोललास, समोर पंधरा पोरं, तास संपायला पाच मिनिटं, माणूस तोंडाला येईल ते बोलतो, मी पण बोललेय असलं. पण त्या मुलीने काय ऐकलं बघ ना, की देवाला एखादं पोर आवडलं की तो उचलून नेतो. आता ती कशाला जाईल देवाला आवडायला? डोळे उघडे ठेवते ती शहाणी आहे, नजर ठेवून बसलीये बिचारी.

आता त्या प्रचारकाचं, आणि इथे माझा आवाज चढणार आहे. विश्वास कमी पडला म्हणे. प्रभू येशू स्वतः गेथशेमानेच्या बागेत तोंडावर पडून बापाला म्हणाला की हा प्याला टळू दे, एकदा नाही, पुन्हा पुन्हा, आणि प्याला टळला नाही, दुसऱ्या दिवशी क्रूसावर. मग त्याचाही विश्वास कमी पडला का? प्रेषित पौलाच्या शरीरात कसलातरी काटा होता, तीनदा विनवणी केली त्याने, काटा निघाला नाही, त्याने स्वतःच लिहून ठेवलंय करिंथकरांना. तो पण कच्चा? विचार त्या भाऊला पुढच्या वेळी, माईक चालू असतानाच विचार. आणि तुझ्या बहिणीने त्याच्या नादाने केमो थांबवली नाही, यासाठी तिला माझ्याकडून सलाम सांग. ज्या कोणाला असा माणूस औषध बंद करा म्हणून सांगेल त्यांनी त्याला हाताला धरून जिन्यावरून खाली सोडून यावं.

शेजारच्या काकूंवर मात्र रागावू नकोस. त्यांनी त्यांच्या हिशेबाने सांगितलं, आणि डबा घेऊन आल्या होत्या हे तूच लिहिलंयस. आपल्या शास्त्रात मागचा जन्म नाही, पण हिशेब मांडायची हौस आपल्या लोकांना पण काही कमी नाही, नुसतं नाव बदलतं, तिकडे मागचा जन्म आणि इकडे पाप, नाहीतर कमी विश्वास.

मला हे कुठून माहीत ते सांगते. १९८७ च्या डिसेंबरात माझा धाकटा भाऊ लोकलमधून पडला, कुर्ला आणि सायनच्या मध्ये. बावीस वर्षांचा होता, दाराला लटकलेला, हात सुटला. पोलिसांनी त्याची बॅग दिली, त्यात डबा होता, भेंडीची भाजी आणि तीन चपात्या, न उघडलेला. आईने तो ओट्यावर ठेवला आणि कोणाला घासू देईना. आठ दिवस. घरात वास सुटला तरी कोणाची हिंमत नाही. शेवटी एका रात्री सगळे झोपल्यावर मीच गुपचूप घासून टाकला, आणि आई मरेपर्यंत तिने मला विचारलं नाही की कोणी घासला. सांत्वनाच्या सभेला आमच्याच नात्यातल्या एका बाईंनी आईचा हात हातात घेऊन सांगितलं की पोरगा रविवारी उपासना चुकवून क्रिकेट खेळायला जायचा ना, देव बघत असतो सगळं. मी तेव्हा तेवीसची होते. त्या बाई आता नाहीत पण ते वाक्य अजून आहे.

म्हणून बायबलमधलं ईयोबाचं पुस्तक मला जवळचं, आणि सगळ्यात जवळचं त्यातले ते मित्र. त्याची पोरं गेली, जनावरं गेली, अंगभर फोड, आणि हे तिघे येऊन त्याच्याबरोबर जमिनीवर बसले, सात दिवस सात रात्री, एक शब्द न बोलता. तेवढंच काय ते त्यांनी बरोबर केलं बघ. आठव्या दिवशी तोंडं उघडली आणि मग पुढचे तीसेक अध्याय तेच, तू काहीतरी केलं असशील, देव उगाच करत नाही. ईयोब भांडतो, ओरडतो, देवाला कोर्टात खेचायची भाषा करतो. आणि शेवटी देव वावटळीतून बोलतो तेव्हा त्याला का हे सांगतच नाही. पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कुठे होतास, हे आणि असे प्रश्नावर प्रश्न. खरं सांगू, मला लहानपणी हे फसवल्यासारखं वाटायचं, एवढं मोठं पुस्तक आणि उत्तर नाही. पण शेवटच्या अध्यायात एक गोष्ट आहे जी आपल्या सभांमध्ये कोणी वाचत नाही. देव त्या मित्रांना झापतो, तुम्ही माझ्याबद्दल नीट बोलला नाहीत, माझा सेवक ईयोब बोलला. म्हणजे देवाची बाजू घेऊन बोलणारे चुकले आणि देवाशी भांडणारा बरोबर ठरला. हे त्या प्रचारकाच्या बायबलमध्ये पण छापलेलंय.

आणि प्रभूला तर हाच प्रश्न लोकांनी तोंडावर विचारला होता. लूकच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय काढ. पिलाताने, म्हणजे तिथल्या रोमी सुभेदाराने, गालीलच्या काही माणसांना मारलं होतं, ती बातमी घेऊन लोक आले. प्रभूने त्यात अजून एक घातली, शिलोहातला बुरूज पडून अठरा माणसं मेली ती. एक माणसाने केलेला खून आणि एक अपघात, दोन्ही घेतली त्याने, आणि म्हणाला ही माणसं बाकीच्यांपेक्षा जास्त पापी होती असं वाटतं का तुम्हाला? नाही. पुढे लगेच ऐकणाऱ्यांनाच म्हणतो तुम्ही पश्चात्ताप करा, ते कडक आहे, पण ते जिवंत असलेल्यांना आहे. मेलेल्यांचा हिशेब त्याने काढू दिला नाही. बुरूज का पडला हे पण त्याने सांगितलं नाही.

आता तू म्हणशील मावशी, लोकांनी काय सांगू नये ते कळलं, पण मग का? दोन हजार वर्षं मोठमोठ्या डोक्यांनी यावर लिहिलंय आणि मला जेवढं कळलं त्यातलं थोडं पटतं, थोडं नाही.

संडे स्कूलवाले नेहमी सांगतात की देवाने माणसाला मोकळं सोडलंय, प्रेम जबरदस्तीने होत नाही, मग मोकळा माणूस वाईट पण करणार. हे मला बऱ्यापैकी पटतं. जगातलं खूप दुःख माणसाने माणसाला दिलेलं आहे, त्याचं बिल देवाच्या नावावर फाडायला आपल्याला आवडतं इतकंच. निसर्गातल्या संकटात पण माणसाचा हात किती असतो ते बघ. १७५५ मध्ये लिस्बनला भूकंप झाला, १ नोव्हेंबर, सर्व संतांचा सण, सकाळची वेळ, चर्च भरलेली, आणि छपरं लोकांच्या डोक्यावर आली, त्यावरून सगळ्या युरोपात वाद पेटला की असला कसला देव. आपल्याकडे किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, आदल्या रात्री गणपती विसर्जन करून गावं झोपली होती. देवाचं करून झोपलेली माणसं, हजारोंनी गेली. आम्ही मंडळीतून चादरी आणि भांडी गोळा करून पाठवली तेव्हा तिकडून जाऊन आलेले सांगायचे की भूकंपाने नाही मारलं हो, माळवदाने मारलं, दगडमातीच्या जाड भिंती, वर फूटफूटभर मातीचं छत, तेच अंगावर बसलं. घरं वेगळी असती तर पुष्कळ वाचले असते.

पण तुझ्या भाच्याला कोणी माळवद बांधलं नव्हतं. इथे तो मोकळीकवाला मुद्दा लंगडा पडतो आणि तो लंगडा आहे हे मान्य करावं माणसाने. नऊ वर्षांच्या पोराच्या हाडातल्या मगजात एक पेशी स्वतःची कॉपी काढताना चुकते आणि मग थांबतच नाही, यात कोणाची मर्जी? जॉन पोल्किंगहॉर्न म्हणून केंब्रिजचे फिजिक्सचे प्रोफेसर होते, १९७९ मध्ये खुर्ची सोडली आणि पुढे पाळक झाले. ते म्हणायचे की पेशी बदलू शकतात म्हणून तर जीवसृष्टी अशी फुलली, साध्या जीवातून इतकं सगळं आलं, आणि त्याच बदलण्यातून कॅन्सर पण येतो, एक हवं आणि दुसरं नको असं वेगळं काढता येत नाही, देवाने जगाला स्वतः घडायला मोकळं सोडलंय. निष्काळजीपणा नाही, तशा जगाची किंमत आहे ती. मला हे डोक्याने पटतं. पण तुझ्या बहिणीला हे सांगायला जाऊ नकोस, लाथ बसेल आणि बसायलाच पाहिजे. शिवाय या आजारात आज बरीच पोरं बरी होतात, त्याच वॉर्डातली दोन-चार पोरं तिने घरी जाताना पाहिली असतील, तिचा प्रश्न पेशीचा नाहीच, माझाच का हा आहे. त्याला उत्तर माझ्याकडे नाही, पोल्किंगहॉर्नकडे पण नव्हतं.

अजून एक सांगतात की दुःखाने माणूस घडतो. हे मी फार जपून घेते. स्वतःच्या दुःखाबद्दल स्वतः म्हटलं तर ठीक, दुसऱ्याला सांगितलं की शिवी होते. पंडिता रमाबाईंचं बघ. १८७० च्या दशकातला दुष्काळ, आई-वडील आणि बहीण भुकेने गेली, मग भाऊ गेला, मग लग्नाला दोन वर्षं होत नाहीत तर नवरा कॉलऱ्याने, पदरात तान्ही मुलगी. याच बाईने १८८९ मध्ये आपल्या मुंबईत विधवांसाठी शारदासदन काढलं, आणि १८९६-९७ चा दुष्काळ आला तेव्हा मध्य प्रांतात स्वतः जाऊन उपाशी पोरी उचलून आणल्या, केडगावचं मुक्ती त्यातूनच उभं राहिलं. भूक काय असते ते तिला कोणी सांगायला नको होतं. आता यावरून कोणी म्हणेल बघा, म्हणून देवाने दुष्काळ पाठवला, तर मी उठून जाईन त्या सभेतून. तिची आई हा काही मुक्ती मिशनचा खर्च नव्हता. आणि १९२१ मध्ये तिची ती स्वतःची मुलगी पण गेली, रमाबाई साठीच्या पुढे, कान गेलेले, तरी मराठी बायबलचं भाषांतर करत बसल्या आणि पुढच्या एप्रिलमध्ये स्वतः गेल्या. त्या शेवटच्या महिन्यांत ती बाई अजून काय घडायची राहिली होती, सांग मला.

मग माझ्याकडे उरतं काय? क्रूस उरतो. हे ऐकायला पाळकांच्या भाषणासारखं वाटेल, पण थांब जरा. वांद्र्याच्या गावठाणात गेलास तर गल्लीच्या तोंडाशी जुने क्रूस दिसतात, कोणाच्यातरी भिंतीला लागून, झेंडूची माळ घातलेली, खाली मेणाचा काळा डाग. त्यातले बरेच प्लेगच्या काळातले आहेत, १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा लोकांनी उभे केले. मी कॉलेजात असताना मैत्रिणीला म्हटलं होतं, काय उपयोग झाला, पुढे कितीतरी वर्षं माणसं मेलीच की. तिची आजी आत भाजी निवडत होती, ती म्हणाली, अगं तो पण मेलाय ना त्याच्यावर. बस, परत भाजी निवडायला लागली.

मला हे कळायला पुढे भाऊ जावा लागला. म्हणजे बघ, जर देव वर कुठेतरी एसीत बसून स्क्रीनवर बघतोय आणि म्हणतोय माझी योजना आहे, तर मी पण मंडळी सोडली असती. पण आपण ज्याला देव म्हणतो तो मित्राच्या कबरेपाशी रडला. त्या मित्राची बहीण मार्था त्याला सरळ म्हणाली तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता, दुसरी बहीण मरियाही तेच म्हणाली, आणि त्याने दोघींना झापलं नाही. आणि तो उशिराच आला होता रे, निरोप मिळून दोन दिवस थांबला होता, हे योहानाने लपवलं नाही. मग स्वतः खिळे खाऊन ओरडला की माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास. म्हणजे तुझा तो का, तो खुद्द प्रभूच्या तोंडात आहे, आणि त्याला पण वरून उत्तर आलं नाही त्या दुपारी. युर्गेन मोल्टमान म्हणून जर्मन होता, १९४३ च्या जुलैमध्ये हॅम्बुर्गवर बॉम्ब पडले तेव्हा सतरा वर्षांचा, बाजूला उभा असलेला मित्र उडाला आणि हा वाचला. घरात धर्म वगैरे फारसा नाही. युद्धकैदी असताना कोणीतरी बायबल दिलं, मार्कच्या शुभवर्तमानातली ती क्रूसावरची आरोळी वाचली आणि त्याला वाटलं की हा माझं ऐकेल, याला माहितीय. पुढे तो मोठा धर्मपंडित झाला, पण सुरुवात एवढीच.

आणि तिसऱ्या दिवशीचं मी विसरले नाहीये. उठलेल्या प्रभूच्या हातावर खिळ्यांच्या खुणा तशाच होत्या, थोमा नावाच्या शिष्याला दाखवल्या त्याने. देव सगळे अश्रू पुसेल असं बायबलच्या शेवटच्या पुस्तकात लिहिलंय, मी त्यावर टिकून आहे, भाऊ भेटेल मला. पण तो शब्द दिलाय त्याने, खुलासा नाही केला, आणि शब्द दिला म्हणजे तोवर थांबावं लागतं, ते थांबणं फार जड जातं हे पण खरंय.

आता तुझं संडे स्कूल. सोडू नकोस लगेच, पण महिना दीड महिना शिकवू नकोस, पाळकांना सांग मला जमत नाहीये, मागे बसून हजेरी घे, खडू-कागद वाट. माझ्या आईने भाऊ गेल्यावर दीड वर्ष उपासनेत तोंड उघडलं नाही, सगळे उभे राहायचे तेव्हा उभी राहायची आणि गाण्याचं पुस्तक मिटून छातीशी धरायची. आमचे पाळकसाहेब एका शब्दाने बोलले नाहीत तिला. दर शनिवारी संध्याकाळी यायचे, चहा प्यायचे, पावसाबद्दल, पाणी किती वाजता आलं त्याबद्दल बोलायचे आणि जायचे. मग कुठल्यातरी नाताळात बाजूने तिचा आवाज आला, कुठलं गाणं होतं ते मला आठवत नाही.

तुला प्रार्थना येत नसेल तर अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र वाच, मोठ्याने. त्याचा शेवट गोड होत नाही, अंधारातच संपतं ते, आणि तरी शास्त्रात आहे. तेवीसावं, ते परमेश्वर माझा मेंढपाळवालं, नंतर बघू.

त्या मुलीला बाजूला घेऊन सांग की बेटा, मी फुलाचं जे बोललो ते खरं नव्हतं, मला माहीत नव्हतं म्हणून बोललो. आपण मागितलं होतं आणि मिळालं नाही, का ते मला कळलेलं नाही, मला पण राग आलाय, आणि प्रभू पण मित्र मेला तेव्हा रडला होता. एवढंच. तिने परत मग विचारलं तर परत माहीत नाही म्हण. डोळे मिट म्हणून सांगू नकोस.

आणि बहिणीचं. दप्तराला हात लावू नकोस, धुळीला आलं तरी नाही, ती सांगेल तेव्हाच. डब्याचं मी केलं ते अजून खुपतं मला. भाच्याचं नाव घे तिच्यासमोर, सगळे टाळत असतील, तू घे, तो कसा चिडायचा, कुठल्या टीमच्या मागे होता, काहीही. ती मुलुंडला आहे ना, दोन स्टेशनं. शनिवारी जा, जेवण घेऊन जा, ती जेवली नाही तरी भांडी घासून ये. आणि डबा तिथेच राहू दे, म्हणजे तो आणायला म्हणून पुढच्या शनिवारी परत जाता येतं.